रांगेवाले चाचा

जालन्यात रांगेत उभं राहायला मनापासून आवडणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे. बाकी आपण सगळे रांगेत उभे राहतो ते नाइलाजाने, मान लांब करून, पुढच्याच्या टाचेवर आपला अंगठा आणून. आमचे चाचा रांगेत उभे राहतात ते दुसऱ्या कुणी गाणं ऐकायला बसावं तसे. अतिशयोक्ती करण्याचा माझा स्वभाव नाही. माझं कामच मोजमापाचं आहे आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तर मला जेवण गोड लागत नाही. तेव्हा मोजूनच सांगतो. एकदा दवाखान्यात त्यांचा नंबर आला, तेव्हा त्यांनी मागच्या दोघांना पुढे जाऊ दिलं. डॉक्टर एका पेशंटला किती वेळ घेतात याची त्यांची नोंद अठ्ठावीसवर आली होती आणि त्यांना तीस पूर्ण करायची होती. चाचांना त्या वेळी एकशे एक पॉइंट चार ताप होता.

आम्ही दोघं एकाच वर्कशॉपमध्ये होतो. जालन्यात सळई बनवणाऱ्या मिली आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पण सळई ज्या दोन जाड लोखंडी रोलच्या मधून दाबून निघते, त्या रोलच्या खाचा झिजतात आणि मग तो रोल लेथ मशीनवर चढवून, फिरवत पुन्हा कापावा लागतो, हे मिलीबाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. आमचं वर्कशॉप त्या कामाचं. मिलींचे रोल येतात, रांगेत पडतात, लेथवर चढतात, मी त्यांची मापं तपासतो आणि ते परत जातात. चाचा एकतीस वर्षं याच लेथवर टर्नर होते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मशीन सुटलं आणि त्यांच्याकडे पाटी आली. पाटी म्हणजे काळा रंग दिलेला पत्रा. त्यावर कुणाचा रोल कधी आला, कुठला आधी, कुठला नंतर, हे खडूने लिहायचं. दुसऱ्या कुणी ते काम रोज दहा मिनिटांत उरकलं असतं. चाचांनी त्यासाठी पत्र्याची एक केबिन करून घेतली, चार रंगांचे खडू आणले आणि त्याचं शास्त्र केलं.

हे शास्त्र त्यांना जुन्या जालन्यात रद्दीच्या दुकानात सापडलं. इंग्रजी पुस्तक, पुठ्ठा गेलेला, पहिली चाळीस पानं नाहीत. रांग कशी वाढते, कशी ओसरते आणि त्याचा आधी अंदाज कसा बांधायचा, एवढ्या एकाच विषयावरचं. चाचांचं शिक्षण दहावी. डिक्शनरी जवळ घेऊन त्यांनी तीन वर्षांत ते पुस्तक संपवलं. पहिली चाळीस पानं नसल्यामुळे हा विषय अवघड आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. लिहिणाऱ्याचं नावही त्या पानांबरोबरच गेलेलं, म्हणून चाचा त्याला ‘किताबवाले साहेब’ म्हणत आणि गावातल्याच कुणा वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं, ‘किताबवाले साहेब हे मानणार न्हाईत,’ असं सांगत.

त्या पुस्तकाने त्यांची भाषाच बदलून टाकली. आमच्या धंद्यात रोल कधी मिळेल असं विचारलं की ‘उद्या’ म्हणायची पद्धत आहे. उद्या विचारलं तरी उद्याच. चाचांनी ‘उद्या’ बंद केलं. फोनवर ते मिलीच्या मॅनेजरला रोल तयार असण्याची शक्यताच सांगायचे, ‘बुधवारी दहात चार, गुरुवारी दहात सात, शुक्रवारी दहात नऊ.’ पहिले काही महिने मॅनेजर लोक चिडत. दहात सात म्हणजे काय, एकच रोल दहा वेळा न्यायला येऊ का आम्ही, असं एकाने विचारल्याचं मला आठवतं. पण वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं, की चाचांनी दहात नऊ सांगितलेल्या दिवशी गाडी पाठवली तर ती सहसा रिकामी परत येत नाही. अडचण इतकीच, की चाचा घरच्या गोष्टींतही असंच बोलायला लागले. माझ्या मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला मी सहकुटुंब गेलो, तर म्हणाले, ‘दहात नऊ येतो.’ माझ्या बायकोने ते फार मनाला लावून घेतलं. आले मात्र सगळ्यांच्या आधी, तासभर आधी. येऊन थेट आचाऱ्याकडे गेले आणि ताटांचं टेबल भिंतीपासून उचलून मधे ठेवायला लावलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल. पंचवीस मिनिटांची रांग अकरा मिनिटांवर आली. बायकोने तेव्हा त्यांना माफ केलं. दहावा भाग कुठे गेला होता ते मात्र तिने विचारलंच. ‘भाभी, गुडघा,’ चाचा म्हणाले.

रांगेत घुसणाऱ्यांशी त्यांचं वागणंही निराळं होतं. ते भांडत नसत. एका मिलीचा माणूस अर्धा किलो पेढे घेऊन आला आणि आमचा रोल जरा पुढे घ्या म्हणाला. चाचांनी डबा आनंदाने घेतला. त्याच्या आधीच्या तीन मिलींची माणसं तिथेच बाकावर बसली होती. त्यांच्यापुढे डबा धरून चाचांनी एकेकाला विचारलं, पेढा गोड लागला का, आणि गोड लागला असेल तर आपला नंबर यांना देता का. तिघांनाही पेढा आवडला. नंबर एकानेही दिला नाही. तेव्हा चाचा त्या माणसाकडे वळून अगदी दुःखाने म्हणाले, ‘बघा बरं, मी तर बिलकुल तयार होतो.’

गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत त्यांनी घातलेला गोंधळ मात्र महिनाभर गाजला. तिथे बायका डब्यांच्या रांगा लावून जात. ज्वारीमागून गहू, गव्हामागून बाजरी, मग डाळ, मग पुन्हा गहू. प्रत्येक वेळी गिरणीवाला आधीचं पीठ झाडणार, आणि तरी आमच्या गव्हात ज्वारी उतरली म्हणून कुणीतरी बोलणार. चाचांनी एका दुपारी कुणालाही न विचारता सतरा डबे उचलून ज्वारीमागे ज्वारी आणि गव्हामागे गहू लावले. बायका परत आल्या तेव्हा कुणाचाच डबा जागेवर नव्हता. पुढचं मी लिहीत नाही. पण त्या दिवशी दळण चाळीस मिनिटं लवकर संपलं, आणि आठवड्याने गिरणीवाल्याने खडूने जमिनीवर दोन रेघा मारल्या, एक गव्हाची आणि एक ज्वारीची. चाचींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, डबा त्या दिवशी सगळ्यांत शेवटी गेला. चाचींनी मला दारातच सांगितलं, ‘सारी दुनिया का नंबर लगातें ये, और घर का डब्बा आखिर में.’

आणि चिंचोके. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू काळी, एक पांढरी. लहानपणी पट खेळताना आपण फासे म्हणून टाकायचो तेच. चाचांच्या खिशात असे आठ अर्धे चिंचोके कायम असत. दुपारचा डबा झाला की टेबलावर फडकं पसरून ते टाकायचे. जितके पांढरे, तितके रोल आज आले असं धरायचं. कधी दोन, कधी सहा, जास्तीत जास्त आठ, सरासरी चार. आमच्याकडे रोलही अगदी तसेच येत. रोज चार येत नाहीत, पण महिन्याची सरासरी काढली तर चार. हे मी वर्षभराच्या नोंदीवरून स्वतः तपासलं आहे. असे सव्वीस वेळा चिंचोके टाकले की कामाचा एक महिना झाला. चाचा अर्ध्या तासात एक महिना जगून बघत आणि मग पाटी लिहायला उठत. मला ते मियाँ मायक्रोमीटर म्हणायचे. ‘तुम्ही झालेलं मोजता,’ ते म्हणायचे, ‘मी न झालेलं मोजून राह्यलो.’

मागच्या वर्षी शेठनी, म्हणजे वर्कशॉपच्या मालकांनी, नवा कॉम्प्युटरवर चालणारा लेथ घेतला. शेठ चाचांपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, पण माणूस समजूतदार. नवा लेथ दिवसाला चार रोल काढायचा. जुना लेथ राहिला तात्यांकडे. तात्या हसनाबादचे, रोज एसटीने जाऊन-येऊन करणारे, त्रेपन्न वर्षांचे. जुन्या लेथवर दिवसाला फार तर दोन रोल निघत, आणि नवा लेथ आल्यापासून तात्यांना एक दिवसाआड कामच नसे. स्टुलावर बसून ते गेटकडे बघत राहत. तेवढ्यात शेठनी आणखी एक मशीन ठरवलं, सळईवर ज्या तिरप्या उठावदार रेघा दिसतात त्यांच्या खाचा रोलमध्ये पाडणारं. त्याला जागा हवी होती. शेठनी हिशेब मांडला. रोल येतात सरासरी चार, नवा लेथ काढतो चार, मग जुना लेथ नुसता बसवून कशाला ठेवायचा? तो काढून टाकू, तिथे नवं मशीन बसवू. तात्यांचं काय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण कामगार ठेवायचा तो मशीनवर, हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. तात्यांना दुसरं मशीन येत नव्हतं, आणि त्या वयात दुसरीकडे कुणी घेणारही नव्हतं.

चाचा शेठकडे गेले. चार येतात आणि चार होतात म्हणजे रांग लागणार नाही, हे त्यांच्या मते गणितच नव्हतं. मी तिथे होतो, म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो. ‘शेठ, रिकामा वेळ डब्यात भरून ठेवता येत न्हाई. सोमवारी दोनच रोल आले तर मशीन अर्धा दिवस बसतं. तो अर्धा दिवस गेला. गुरुवारी सात आले तर त्यो कामी येत न्हाई. पण गुरुवारचे तीन मात्र शुक्रवारच्या बोकांडी बसतात. तात्या बसून राह्यले म्हणूनच रांग लागून न्हाई.’ शेठना ते पटलं नाही, पण चाचांचा मान म्हणून म्हणाले, दाखवा मला. चाचांनी शनिवार मागून घेतला.

त्या आठवड्यात त्यांनी घरी चाचींना समोर बसवून वीस डाव खेळले. जुना लेथ नाही असं धरायचं, रोज चारच रोल काढायचे, आणि सव्वीस दिवसांनी किती तुंबले ते मोजायचं. सतरा डावांत रांग लागली. कुठे पाच रोल, कुठे आठ, एकदा तर चौदा. तीन डावांत महिन्याच्या शेवटी एखाददुसराच रोल उरला. तो कागद त्यांनी मला तपासायला दिला आणि मी बेरजा दोनदा तपासल्या. बरोबर होत्या. मग शनिवारी जेवणानंतर शेठ केबिनमध्ये आले, घड्याळ बघून म्हणाले, मला छत्रपती संभाजीनगरला जायचंय, एकच डाव होईल. आणि एका डावावरून कधी बोलू नका असं आयुष्यभर लोकांना सांगत आलेले चाचा म्हणाले, ‘चालंल. एकच डाव.’

मला तेव्हाच बोलायला हवं होतं.  पण विसात सतरा हा आकडा माझ्याही डोक्यात बसला होता.

चिंचोके चाचा टाकत होते आणि पाटीवर मी लिहीत होतो. दारात तात्या चिंधीला हात पुसत उभे होते. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसत होते. पहिल्या दिवशी पाच पांढरे पडले, एक रोल उरला. दुसऱ्या दिवशी तीन पडले, रांग साफ. मग चार. मग सहा पडले आणि तात्यांनी हात पुसायचे थांबवले. पण लगेच दोन पडले आणि पुन्हा साफ. असंच चाललं. सतराव्या दिवशी तीन रोल तुंबले होते, त्याच्या वर आकडा गेलाच नाही. एकोणिसाव्या दिवशी एक चिंचोका फडक्याच्या कडेला टेकून तिरपा उभा राहिला. शेठ मोठ्या मनाने म्हणाले, पांढरा धरा. चाचांनी मान हलवली, टेकलेला चिंचोका फिरून टाकायचा असतो म्हणाले आणि तो उचलून पुन्हा टाकला. काळा पडला. सव्वीस दिवस संपले तेव्हा पाटीवर एक रोल शिल्लक होता.

शेठनी विजय वगैरे काही दाखवला नाही. हळू आवाजात एवढंच विचारलं, ‘झालं ना चाचा समाधान?’ आणि ते निघून गेले. तात्या चाचांना म्हणाले, ‘जाऊ द्या चाचा. तुम्ही माझ्यासाठी येवढं बसले, लई झालं.’ आणि आपल्या लेथकडे गेले आणि काम नसताना त्याला तेल घालत बसले.

मी चाचांना म्हणालो, शेठ परत आले की तो वीस डावांचा कागद दाखवू. आकडे खरे आहेत, माझी सही घ्या. चाचा चिंचोके गोळा करत होते. ‘मियाँ,’ ते म्हणाले, ‘मी जिंकलो असतो तर म्हणलो असतो का, शेठ, ह्यो एकच डाव आहे, अजून एकोणीस खेळा?’ त्यांनी चिंचोके खिशात टाकले. ‘मंग हरल्यावर कसं म्हणू?’

सोमवारी सकाळी मी आलो तर चाचा केबिनबाहेर उभे. आतलं कपाट, खुर्ची, टेबल सगळं बाहेर काढलेलं, आणि हातात माझाच टेप. म्हणाले, मोजा. केबिन आतून-बाहेरून धरून नऊ फूट बाय साडेअकरा भरली. तिला लागून मोडीतल्या रोलचा ढीग होता, तो हलवला तर आणखी तीन फूट. म्हणजे नऊ बाय साडेचौदा. नव्या मशीनला लागत होतं नऊ बाय चौदा. मी तीनदा मोजलं. खरं सांगतो, नंतरच्या दोन वेळा मी कमी भरावं म्हणून मोजलं. अर्धा फूट उरतच होता.

शेठ आले तेव्हा चाचांनी त्यांना मापं सांगितली, चिंचोक्यांवरून वाद घातला नाही. म्हणाले, डाव मी हरलो, लेथ फालतू आहे असं तुम्ही खुशाल म्हणा, पण जागाच पाहिजे असेल तर ही घ्या, लेथ राहू द्या. शेठनी त्या बाहेर काढलेल्या खुर्चीकडे बघितलं. ‘आणि तुम्ही कुठं बसणार?’

‘मी काय बसायसाठी आल्तो का हितं?’ चाचा म्हणाले.

शेठनी केबिन घेतली आणि लेथ ठेवला. पाटी बाहेर भिंतीला लागली. चाचा तिच्यासमोर उभं राहून काम करायला लागले. आम्ही स्टूल दिलं तर पाटीचा वरचा भाग बसून पोचत नाही म्हणाले, आणि पाटी खाली घेतली तर मिलीवाल्यांना दिसत नाही म्हणाले. चौतीस दिवस उभे राहिले. पस्तिसाव्या दिवशी खडू माझ्या हातात दिले आणि आता घरी बसतो म्हणाले. मी म्हणालो, चाचा, मला हे जमणार नाही. ते म्हणाले, चार महिने झाले, तुम्हीच लिहून राह्यले, मी नुसता बोलून राह्यलो. मी मागचं आठवून बघितलं. खरंच होतं. एकेक रंग, एकेक रकाना त्यांनी कधी माझ्याकडे सरकवला ते मला कळलंही नव्हतं. हा माणूस शेठना केबिन देऊ करण्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःला हिशेबातून वजा करत आला होता, आणि मापं घेणारा मी शेजारी उभा होतो.

दिवाळीनंतर बांधकामं सुरू झाली आणि मिली जोरात आल्या. एका आठवड्यात नव्या लेथचं काहीतरी जळालं आणि पार्ट येईपर्यंत तो तीन दिवस बंद पडला. ते तीन दिवस तात्यांनी जुन्या लेथवर काढले. दोनाच्या जागी तीन-तीन रोल, जेवायला न उठता. एकाही मिलीची गाडी रिकामी परत गेली नाही.  त्यानंतर एका दुपारी तात्या स्टुलावर नुसते बसले असताना शेठ तिथून गेले, थांबले आणि चहा घेतला का विचारून पुढे गेले. आधी ते अशा वेळी दुसरीकडे बघत.

दर शुक्रवारी संध्याकाळी मी जुन्या जालन्यात चाचांकडे जातो. खरं तर जायचं काम राहिलेलं नाही, पाटी मला येते. चाची चहा करतात, चाचांचे पाय एका पाटावर वर ठेवलेले असतात, गुडघ्याला फडकं बांधलेलं. मी आठवडाभराच्या अडचणी सांगतो आणि ते डोळे मिटून ऐकतात. मागच्या शुक्रवारी मी जरा मोठेपणाने सांगितलं, की आता रांग कधीच दीड दिवसाच्या वर जात नाही, मिलीवाले खूश आहेत, शेठ खूश आहेत. चाचांनी डोळे उघडले नाहीत. एवढंच विचारलं, ‘आज तात्या बसून होते का?’

‘होते,’ मी म्हणालो. ‘दुपारपर्यंत काहीच नव्हतं त्यांना.’

‘मंग बरं,’ चाचा म्हणाले आणि त्यांनी गुडघा सावकाश लांब केला.